भुलोजी दारव्ह्यात, भुलाबाई पुसदला

दारव्हा
१४ सप्टेंबर २०२५, रविवार

प्रिय निशी,

यवतमाळच्या कॉन्व्हेंटमध्ये हॉस्टेलच्या न्हाणीघरामागे आपण चिखलाची भुलाबाई केली होती, शंकर-पार्वतीचा जोड आणि मांडीवर गणोबा, आठवते? आपण सातवीत होतो. भुलोजीची मान काही केल्या उभी राहीना, म्हणून तू तिच्यात आगकाडी खोचलीस. गणोबा तर इतका लहान झाला की भुलाबाईच्या मांडीवर तो दिसेचना. खिरापत म्हणून तुझ्या ट्रंकेतले फुटाणे होते, आणि ते ठेवले होते माझ्या पावडरच्या रिकाम्या डब्यात. गाणी म्हणून झाली, आता डबा हलवून खिरापत ओळखायची, एवढ्यात सिस्टर बेनेडिक्टा पाठीमागे येऊन उभ्या राहिल्या. सिस्टरनी डबा उचलला, कानाशी धरून हलवला आणि त्यांच्या त्या मराठीत गंभीरपणे विचारलं, "बटाटा?"

आपण हसून हसून लोळलो. मग त्यांनी साबण म्हटलं, खडू म्हटलं, बटण म्हटलं. प्रत्येक वेळी चुकल्या. रात्री मी तुला म्हटलं, सिस्टर फारच भोळ्या आहेत. तू म्हणालीस, "भोळ्या नाही वो विमे. फुटाण्याचा वास येऊन राह्यलता तिथवर. आपल्याले मजा यावी म्हणून मुद्दाम चुकल्या त्या."

त्यानंतर तूही तेच करायला लागलीस. माझ्या घरच्या डब्यातली खिरापत तू एकदाही पहिल्या झटक्यात ओळखली नाहीस.

हे आज लिहायचं कारण असं की मी आत्ताच दिग्रसहून परत आले. आपल्या नातीला, अपूला, स्टँडवर तुझ्या भावाच्या, सदाशिवरावांच्या हाती दिलं. नेहमीसारखंच, कोर्टाने ठरवून दिलं आहे तसं: शनिवारी दुपारी ती इकडे, रविवारी संध्याकाळी तिकडे. जीपवाला डोमाजी दर वेळी विचारतो, "आजीबाई, पोरगी येऊन राह्यली का जाऊन राह्यली?" आणि दर वेळी स्वतःच म्हणतो, "तुमच्या तोंडावरूनच समजते म्हना."

फोन करत नाही, कारण आमच्या वकिलांनी सांगितलं आहे की तिकडच्या कोणाशी फोनवर बोलू नका, व्हॉट्सॲप करू नका. तुम्हालाही तसंच सांगितलं असेल. पोस्टाबद्दल कोणी काही म्हटलेलं नाही. हल्ली वकिलांना पोस्ट आठवत नसावं.

एक विचारायचं होतं. तू अपूला या वर्षी भुलाबाईचा जोड घेऊन दिलास, ते फार छान केलंस. पण काल ती आली ती फक्त भुलोजी घेऊन. खालची बैठक अर्धी तुटलेली. रुमालात गुंडाळून, दप्तरात वह्यांच्या मध्ये ठेवलेला. माझ्या घनश्यामने विचारलं, "कोणी तोडलं हे?" ती म्हणाली, "तिकडे तुटलं."

आठ वर्षांच्या मुलीची एक वस्तू तुमच्या घरात नीट राहू शकत नाही का, एवढंच मला विचारायचं होतं.

रागाने लिहीत नाहीये. सोयाबीन पिवळं पडलं आहे आणि घरात आवाज नाही, म्हणून लिहिते आहे.

तुझी,
विमल


दारव्हा
२३ सप्टेंबर, मंगळवार

प्रिय निशी,

तुझं उत्तर आलं नाही. माझं मागचं पत्र शेवटी जरा कडू झालं होतं. ते वाक्य खोडायला हवं होतं, पण सिस्टर म्हणायच्या, खाडाखोड केलेलं पत्र पाठवू नये, आणि दुसऱ्यांदा लिहायचं तर उरलेलं सगळंच राहून गेलं असतं.

गुरुवारी तारीख होती. तू आली नव्हतीस. तुझी अर्पिता आली होती. निळा ड्रेस, केस मागे घट्ट बांधलेले. खूप वाळली आहे. मी बाकाच्या या टोकाला, ती त्या टोकाला. तिने मला नमस्कार केला नाही. मग माझी पाण्याची बाटली घरंगळली तर उचलून माझ्याकडे सरकवली, माझ्याकडे न बघता. सून म्हणून सात वर्षं तिच्या हातचा चहा प्यायले आहे मी.

कोर्टाचे कागद इंग्रजीत असतात. घनश्यामचं कृषी केंद्र चालवण्यापुरतं इंग्रजी आहे, त्यापुढे तो माझ्याकडे देतो. "आई, वाचून सांग बरं." म्हणून आमच्या वकिलाने काय लिहिलं आणि तुमच्या वकिलाने काय उत्तर दिलं, हे मीच मोठ्याने वाचून मराठीत सांगते. आमच्या अर्जात लिहिलं आहे की मुलीच्या पूजेतली मूर्ती आईच्या घरी मुद्दाम फोडण्यात आली, वडिलांच्या धर्म-चालीरीतींबद्दल तिच्या मनात घृणा निर्माण करण्यासाठी. तुमच्या उत्तरात लिहिलं आहे की मूर्ती वडिलांच्या घरी फुटली, आजीसमोर, आणि मुलगी तेव्हापासून भेदरलेली आहे.

आजीसमोर. म्हणजे माझ्यासमोर.

ते वाचताना मी थांबले तेव्हा घनश्याम म्हणाला, "काहून थांबली? पुढे वाच नं." मी पुढे वाचलं. सिस्टरनी आपले उच्चार इतके घासून घेतले ते यासाठी असतील असं कधी वाटलं नव्हतं.

तर अपूने तिकडे सांगितलं, "इकडे तुटलं." आणि इकडे सांगितलं, "तिकडे तुटलं." आता घनश्यामला वाटतं की तुम्ही तिला शिकवून ठेवलं आहे. अर्पितालाही आमच्याबद्दल तेच वाटत असणार.

कोर्टातल्या समुपदेशक बाई माझ्याशी पाच-दहा मिनिटं बोलल्या. तरुण आहेत, चष्मा सारखा घसरतो त्यांचा. म्हणाल्या, "आजी, दोन घरांत राहणारी मुलं बहुतेक वेळा ऐकणाऱ्याचा चेहरा बघून बोलतात. त्याला खोटं म्हणू नका. त्यांना कोणालाच गमवायचं नसतं." मी मान हलवली. तेव्हा मला ते पुस्तकातलं वाटलं.

न्यायाधीश आठ ऑक्टोबरला अपूला आपल्या खोलीत बोलावून स्वतः विचारणार आहेत. अर्पिताला नाशिकच्या कॉलेजात नोकरी लागली आहे, तिला अपूला घेऊन जायचं आहे. घनश्यामला अपू इकडे हवी आहे. दोघांचं न पटण्याचं कारण तुला-मला माहीत आहे: तिला इथे कोंडल्यासारखं झालं आणि त्याला दुकान सोडवेना. त्यात वाईट माणूस कोणी नाही. असता तर सोपं झालं असतं.

आमचे वकील म्हणतात, पोरीने साहेबांसमोर "तिकडे तुटलं" एवढं म्हटलं तरी पुष्कळ झालं. मग ती आपल्याकडे राहील.

मला ती इथे राहायला हवी आहे, निशी. हे तुझ्यापासून काय लपवू? शनिवारसाठी मी सोमवारपासून जगते.

विमल


दारव्हा
२८ सप्टेंबर, रविवार

निशी,

हे पत्र एकटीने वाच. अर्पिताला दाखवायचं की नाही ते वाचून झाल्यावर ठरव.

काल संध्याकाळी अपू म्हणाली, "आजी, भुलाबाई म्हनू ना." आमच्या गल्लीत आता गाणी येणाऱ्या मुलीच उरल्या नाहीत. मी समोरच्या भुरीबाईंच्या नातीला बोलावलं, ती दोन गाण्यांनंतर मोबाईल बघायला पळाली. मग आम्ही दोघीच. मी पाटावर भुलोजी ठेवला. बाजूची जागा रिकामी.

अपू म्हणाली, "थांब." दप्तरातून कंपासपेटी काढली, खोडरबराच्या खालून कापसात गुंडाळलेला गणोबा काढला आणि भुलोजीजवळ ठेवला.

मी विचारलं, "हा कुठे होता गं?"

"माझ्याजवळच असते तो. त्याले दोन्हीकडे जा लागते नं."

"आणि भुलाबाई?"

"पुसदच्या आजीकडे. कपाटावर."

तिने एक गाणं पूर्ण म्हटलं, मग आपणहून सांगायला लागली, जसं शाळेतलं सांगते तसं. तुझ्या घरी रोज संध्याकाळी भुलाबाई होते, खालच्या मजल्यावरच्या मुली येतात. शनिवारी मात्र पप्पाकडे काहीच नसतं. जोड तर एकच. मग तिने अंगणात बसून बैठकीवर पाणी ओतलं, माती मऊ होऊ दिली आणि स्टीलच्या पट्टीने मधोमध कापली. गणोबा भुलाबाईच्या मांडीवरून हळूच सोडवला, आणि भुलाबाई रविवारपर्यंत कपड्यांत लपवून ठेवली. "त्याचा पाय थोडासा गेला," म्हणाली, "पन बसता येते त्याले."

मी म्हटलं, "मग तुटलं असं काहून सांगितलं, बेटा?"

"पप्पानं विचारलं, कोणी तोडलं. मी तोडलं नोतं, मी वाटे केलते. पन पप्पाले राग आलता. मग मी म्हटलं तिकडे तुटलं. मग पप्पा माझ्यावर नाही रागावला. मग तिकडे मम्मीनं विचारलं, मग मम्मीले राग आला, मग मी म्हटलं इकडे." गणोबाला नीट बसवत म्हणाली, "दोघं बी माझ्यावर नाही रागावले."

निशी, ती हे रडत सांगत नव्हती. गणित बरोबर आलं की जसा चेहरा होतो, तसा चेहरा होता.

मग मी खिरापतीचा डबा आणला. आत चिवडा होता, तिने ज्याच्या फोडणीचा वास स्वयंपाकघरात घेतला होता, कढीपत्ता तिनेच तोडून दिला होता. डबा हलवला आणि म्हणाली, "चॉकलेट?" मी म्हटलं, नाही. "लाडू?" नाही. "शेंगदाणे?" मी हसले. मग तीही हसली. मी विचारलं, "तुला माहीत होतं ना?" तर म्हणाली, "हो. पन तू हसली नं."

हे तिला तू शिकवलंस. सिस्टरनी तुला शिकवलं आणि तू तिला. मी तुला दोष देत नाही. आपल्याला ते किती गोड वाटायचं. पण आठ तारखेला ती न्यायाधीशांसमोर बसेल. ते चांगलेच गृहस्थ असतील, विचारतील, बेटा, तुला कुठे राहायला आवडेल. आणि ती त्यांच्या चेहऱ्याकडे बघेल. ते कुठल्या उत्तराने खूश होतील हे ती शोधेल. मग ते उत्तर आयुष्यभर तिच्या नावावर राहील. मोठी झाल्यावर तिला कळेल की आपण एका घराला नको म्हटलं होतं.

ती झोपल्यावर मी पाटाजवळ बसून राहिले. मी गप्प बसले तर आम्ही जिंकू, हे मला समजत होतं.

मी तिला शब्द दिला आहे की पप्पाला सांगणार नाही. तुला सांगणार नाही, असं काही मी म्हटलेलं नाही.

पुढच्या शनिवारी मी दिग्रसला जाणारच आहे. सदाशिवरावांच्या ऐवजी तू येशील का? नाही आलीस तर मी समजेन.

विमल


दारव्हा
४ ऑक्टोबर, शनिवार संध्याकाळ

निशी,

तू आलीस. मला ओळखायला क्षणभर लागला, कारण तू केस पांढरे राहू दिले आहेस. छान दिसतात. स्टँडवर सगळ्यांसमोर सांगायला संकोच वाटला, म्हणून लिहिते आहे.

आपण किती वेळ नुसत्या उभ्याच होतो. अपू मध्ये. एकदा तुझ्याकडे बघत होती, एकदा माझ्याकडे, आणि कोणाच्या बाजूला सरकायचं ते तिला ठरवता येईना. ते बघूनच बहुतेक तू पिशवीतून डबा काढलास आणि अपूला नाही, मला दिलास. म्हणालीस, "घ्या विहीणबाई. ओळखा."

डोमाजी जीपच्या बोनेटवर टेकून म्हणाला, "आजीबाई, लवकर ओळखा, शिटा भरल्या माह्या!"

मी डबा हलवला. फुटाण्याचा वास झाकणाबाहेर येत होता. मी म्हटलं, "बटाटा?"

तू हसलीस ती तशीच, सातवीतली. आणि मग एकदम पदर तोंडावर घेतलास. अपू घाबरून म्हणाली, "आजी, काय झालं?" मी तिला म्हटलं, "काही नाही. तुझी आजी मला चिडवते आहे." तिला ते पटलं नाही. पटल्यासारखं तिने केलं.

बुधवारचं ठरलं तसं. तू साडेदहाला ये. न्यायाधीशांच्या आधी आपण दोघी त्या समुपदेशक बाईंकडे जाऊ. बोलायचं तू, मला रडू येतं. मी सोबत भुलोजी आणते, तू भुलाबाई आण. अपूला यातलं काही सांगायचं नाही. घनश्याम आणि अर्पिताला सांगताना बाईंनीच सांगावं, आणि सांगताना मुलीचं नाव सांभाळून घ्यावं, एवढी विनंती करू.

घनश्याम आतल्या खोलीत अपूला शूज बांधायला शिकवतो आहे. दोन्ही नाड्यांचे कान एकसारखे हवेत म्हणतो. तो बाप म्हणून काही वाईट नाही, हे तूही बाईंना सांग.

विमल


दारव्हा
१२ ऑक्टोबर, रविवार

प्रिय निशी,

ही चिठ्ठी सामानासोबत आहे. डोमाजी स्वतः पुसदला घरापर्यंत आणून देणार आहे. त्याला चहा दे. तो नको म्हणेल, तरी दे.

बुधवारी बाईंनी दोघांना आत घेतलं तेव्हा आपण बाहेर बाकावर बसलो होतो. या वेळी एकाच टोकाला. दार उघडलं तेव्हा घनश्यामच्या एका हातात भुलोजी होता आणि अर्पिताच्या हातात भुलाबाई, आणि दोघांनाही ते कुठे ठेवावं हे कळत नव्हतं. लग्नाच्या पाटावर बसवले होते तेव्हा असेच अवघडले होते दोघं. मला हसू आलं, तू मला कोपरानं ढोसलंस.

न्यायाधीशांनी अपूला बोलावलं नाही. मला याहून जास्त काही नको होतं. बाकीचं दोघांनी आपसात ठरवून साहेबांसमोर सही केली ते बरंच झालं: शाळा नाशिकला, पुढच्या वर्षीपासून अर्धी दिवाळी आणि उन्हाळ्याची सुट्टी दारव्ह्याला, महिन्यातून एकदा घनश्याम नाशिकला जाईल, आणि रोज संध्याकाळी फोन. घरी येताना जीपमध्ये घनश्याम एवढंच म्हणाला, "तुले माहीत होतं नं, आई." मी हो म्हटलं. दारव्हा येईपर्यंत तो खिडकीबाहेर बघत होता. मग उतरताना त्याने माझी पिशवी घेतली.

काल तिचा इकडचा शेवटचा शनिवार होता. आज दिग्रसला घनश्यामच गेला. मी गेले नाही, आणि सोळा तारखेला त्यांना निरोप द्यायला पुसदलाही येणार नाही. तू रागावशील. पण मी समोर उभी राहिले की अपू माझ्या चेहऱ्याकडे बघेल आणि नाशिकला जायचा आनंद आवरून धरेल. तिला आनंद झाला आहे. काल नव्या शाळेत पोहण्याचा तलाव आहे असं सांगता सांगता ती थांबली. ते थांबणं मला पुन्हा बघायचं नाही.

आता सामान. मी वर चिठ्ठ्या लावल्या आहेत, तरी लिहिते.

हिरव्या पिशवीत अपूचे इकडचे कपडे आहेत. स्वेटर नवा आहे, बाह्या मुद्दाम लांब ठेवल्या आहेत. नाशिकला थंडी असते.

फुलांची भरतकामाची चादर अर्पितासाठी. ती मी तिच्या लग्नाच्या वर्षी काढायला घेतली होती, मग राहून गेली. या महिन्यात पूर्ण केली. सून म्हणून नाही, तशीच तिला दे. काही बोलू नकोस. ती घेईल.

सदाशिवरावांची छत्री एकदा दिग्रसला जीपमध्ये राहिली होती, ती त्यांना.

भुलाबाई अपूसोबत नाशिकला जाईल. भुलोजी इथे, घनश्यामच्या खोलीत, खिडकीत ठेवला आहे. गणोबा अपूच्या कंपासपेटीतच राहू द्या. अर्पिताला सांग, पुढच्या वर्षी नवा जोड घेऊन देण्याची घाई करू नको, आणि हा फेव्हिकॉलने जोडायलाही जाऊ नको. पोरीने नीट मोजून कापलं आहे.

खिरापतीचा डबा तुला. हा तोच पावडरचा, पत्र्याचा. तू म्हणायचीस हरवला, तो माझ्याकडेच होता. झाकण घट्ट बसतं, चमच्याने उघडावं लागतं. त्यात मी काही भरलेलं नाही. तेव्हा अपू पुसदला आहे तोवर तो तिच्या हाती लागू देऊ नकोस, वरच्या फळीवर ठेव. ती हलवून बघेल. आवाज येणार नाही, तरी आपल्याला बरं वाटावं म्हणून ती काहीतरी नाव घेईल.

तुझी,
विमे